लिंबाजी मास्तरांचा कल

लिंबाजी मास्तर माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच. खुर्चीत बसले, पण खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडावर घट्ट धरून. बरोबर त्यांची बायको गयाबाई होती. ती दाराशीच उभी राहिली.

मी नांदेडची. नागपूरला दातांचं शिकले आणि लग्न होऊन अहमदपूरला आले, कारण नवरा तिथल्या कॉलेजात शिकवायला होता. धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घराच्या पुढच्या खोलीत मी दवाखाना थाटला. लोक यायचे ते दात काढायला, तेही गाल सुजून डोळा झाकल्यावर. दात बसवायला कोणी येत नसे. गेलेला दात म्हणजे गेलेला, त्याच्यामागे कशाला लागायचं, असा सगळा हिशेब. त्यातून डॉक्टर बाई. तिच्यापुढे तोंड वासायचं म्हणजे पुरुषमाणसांना फारच संकोच. म्हणून मी मास्तरांना म्हटलं, "दुखतंय कुठं ते बोटानं दाखवा तरी."

त्यांनी मान हलवली. पायाशी ठेवलेलं गाठोडं उचललं, सोडलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला क्लॅरिनेट निघाला, काळा, चाव्यांचा मुलामा उडालेला. त्याचा वरचा तुकडा, ज्याला सगळे माऊथपीस म्हणतात, तो त्यांनी फिरवून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग पंच्याच्या आडून बोलले.

"बाई, दात काढायला न्हाई आलो. हे बघा. हितं माझे दात हायेत."

मी खिडकीशी नेऊन पाहिलं. पाखराच्या चोचीसारखा निमुळता, काळ्या इबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा तुकडा. खालच्या सपाट बाजूला सूर काढणारी वेताची पत्ती बसते. वरच्या उतारावर दोन खळगे होते, शेजारी शेजारी. डावा थोडा खोल. वीस वर्षं रोज त्याच जागी वरचे दोन दात टेकून पडलेले.

"ह्याच्यावरून बसवा," ते म्हणाले, "जागा हितं ल्हिलेली हाय."

आणि मग त्यांनी पंचा काढला. वरचे समोरचे तीन दात नव्हते. हिरडी बसून गेली होती, म्हणजे जाऊन पुष्कळ वर्षं झालेली.

"कशानं गेले?"

"सायकलवरनं पडलो."

दाराशी गयाबाईच्या बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं तर ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

मास्तर तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे असतील. उंच, वाळलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या. वडील सनई वाजवायचे; लग्नात मांडवाबाहेर बसून वाजवणाऱ्यांचं ते घर. मास्तरांनी तरुणपणी सनई ठेवली आणि खाजाभाईंच्या बँडमध्ये क्लॅरिनेट धरला. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सनई बसून वाजवतेत. मला चालायचं व्हतं." लाल कोट, सोनेरी किनार, डोक्यावर टोपी आणि वरातीच्या सगळ्यांत पुढे लिंबाजी. धर्माबादपासून उदगीरपर्यंतचे लोक म्हणे लग्नाची तारीख त्यांना विचारून धरायचे.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा हे सगळं संपलेलं होतं. एसटी स्टँडसमोर खाजाभाईंच्या बँडची एक लांबट खोली होती. तिच्या तोंडाशी एक लोखंडी स्टूल आणि त्या स्टुलावर मास्तर. मी दहा वर्षांचं हे चित्र लोकांकडून ऐकलं आणि पुढची दोन-तीन वर्षं स्वतः पाहिलं. लग्नसराईत दुपारी बँड तयार होऊन निघायचा, ढोल, झांजा, ट्रम्पेट सगळं एका ट्रकवर चढायचं आणि मास्तर मागे राहायचे. रिकाम्या पेट्यांची राखण करत, नव्या लोकांना शिकवत. खाजाभाई ट्रकमधून ओरडायचे, "मास्टर, दुकान देखो!" मास्तर हात वर करायचे. खाजाभाई वाईट माणूस नव्हता. चालता न येणाऱ्या वाजवणाऱ्याला दुसऱ्या मालकाने ठेवलंच नसतं.

पाय धड होते. अडचण तोंडात होती. ती त्यांनी मला समजावून सांगितली, माझ्या दवाखान्यातच, बाकावर गाल धरून बसलेल्या दोन रोग्यांच्या देखत.

क्लॅरिनेट धरायला तीन जागा. उजव्या हाताचा अंगठा, खालचा ओठ आणि वरचे दात. दात म्हणजे खुंटी. खुंटी पक्की असली की माणूस चालो, नाचो, वाद्य हलत नाही. दात गेल्यावर मास्तरांनी वरचा ओठ आत दुमडून त्याच्यावर माऊथपीस टेकवायला सुरुवात केली. सूर निघाला, उलट जास्त मऊ निघाला. पण ओठ म्हणजे मांस. पाऊल पडलं की धक्का बसतो, धक्का बसला की ओठ सरकतो, ओठ सरकला की सूर किंचाळतो. म्हणून बसायचं. क्लॅरिनेटचं खालचं तोंड दोन गुडघ्यांत धरायचं, म्हणजे भार गुडघ्यांवर. मग वाजतो. पण गुडघे जिथे आहेत तिथेच वाद्य राहणार. त्याचा उतार बदलता येत नाही.

"आन् सूर कलात असतो, बाई," ते म्हणाले.

कल हा त्यांचा शब्द. उतार, झुकाव, वाद्य अंगापासून किती दूर धरलं ते. "अंगाशी घेतला तर सूर भरून येतो, गोल होतो. लांब धरला तर मोकळा होतो, पर पातळ. वरातीत लांब धरायचा, घोडं बी ऐकलं पायजे. नवरी निघताना अंगाशी घ्यायचा. आता माझे गुडघे सांगतेत तेवढाच कल. नवरी असो का घोडं."

त्यांना कुठेही कल दिसायचा. माझ्या चहाच्या किटलीची चोच त्यांना पटत नसे. "एवढी उभी कशाला केली? मान वाकवल्याबिगर पाणी पडंना." भिंतीवरचं कॅलेंडर ते येता-जाता सरळ करत. बोलताना जिभेखाली पत्ती भिजत ठेवायची सवय होती, त्यामुळे अर्धं बोलणं पुटपुटल्यासारखं व्हायचं आणि महत्त्वाचं काही सांगायचं झालं की पत्ती काढून बोटांत धरायचे. पत्ती काढली की समोरचे सगळे गप्प.

त्यांच्याकडे एक चाळिशीचा शिंपी शिकायला यायचा. दिवसभर मशिनीवर वाकून त्याची मान पुढे आलेली. त्याने वाद्य कितीही बरोबर धरलं तरी सूर पातळच निघायचा. मास्तर आठ दिवस ऐकत राहिले. मग निंबाची एक काडी दोन्ही हातांनी त्याच्या हनुवटीखाली धरून म्हणाले, "मामा, तुम्ही हात हलवून राहिलाव, आन् कल मानेत हाय. मान खाली घातली की क्लॅरिनेट लांब धरल्यासारखाच. मशिनीवरनं उठा आन् मंग वाजवा." शिंप्याने मान वर केली आणि खोलीभर सूर पसरला. तो इतका दचकला की वाद्य खालीच ठेवलं. हे मी स्टँडवर बसची वाट बघताना स्वतः पाहिलं. मास्तर हसले नाहीत. हसताना ते नेहमी पंचा तोंडाला लावायचे, आणि तेव्हा त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

दात बसवायचं मी कबूल केलं, पण काम कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं. कॉलेजात आम्हाला चावायचे आणि दिसायचे दात शिकवले होते. वाजवायचे दात कोणी शिकवले नव्हते.

मास्तरांच्या तोंडाचा साचा घेतला त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी गयाबाई एकटीच आली. हातात पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. बसायला सांगितलं तर भुईवर बसली.

"बाई," ती म्हणाली, "सायकल आमच्या घरात कधी नव्हतीच."

मी हातातलं काम ठेवलं.

"बहात्तरला लग्नं झालीच न्हाईत. पाणी न्हाई, दाणा न्हाई, वरात कुठली काढतेत लोक? बँड बंद पडला. आम्ही दोघं दुष्काळी कामावर गेलो, नांदेडच्या सडकंला खडी फोडायला. समोरासमोर बसायचो, मधी दगडाचा ढीग. लाल मिलोची भाकर आन् सरकारी सुकडी खाऊन हातात जोर कुठला? पर मी हातोडा जोरात हाणला. कपची उडाली ती ह्यांच्या तोंडावर बसली." तिने पदर तोंडाला लावला, मग परत काढला. "मुकादम पळत आला. काय झालं म्हनला. रगत गळून राहिलं व्हतं, तसंच ह्यांनी सांगितलं, पडलो. गावात आल्यावर इचारलं तर पडलो. सायकल मागनं जोडली."

"तुमच्यासाठीच ना."

"हाव. माझ्यासाठीच. म्हनूनच तर." ती जुडीच्या काड्या उगाच सारख्या करत होती. "एक शिवी दिली असती तर मी सुटले असते, बाई. भाजीत मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घेतेत. ह्याच्यावर मात्र दहा वर्षांत एक शब्द न्हाई. मी माफी मागाया गेले की उठून जातेत. मी कुठं जाऊ?"

मास्तर घरी वाजवायला बसले की ती परसात जाऊन भांडी घासायची, घासलेली परत घासायची, हे शेजारणींनी मला आधी सांगितलं होतं. नवऱ्याच्या वाजवण्याचा तिला कंटाळा आहे असं सगळ्यांना वाटायचं.

उठताना ती म्हणाली, "मी बोलले ते ह्यांना कळू देऊ नका." मी हो म्हटलं. त्या घराच्या गुपितात मी असा पाय ठेवला.

दात तयार करायला मला चार महिने लागले. टाळूला चिकटून बसणारी गुलाबी पट्टी, पुढे तीन दात, बाजूच्या दातांना धरणारे दोन तारेचे आकडे. दात कुठे लावायचे ते मी त्या खळग्यांवरून ठरवलं. मेणात दात रोवायचे, मास्तरांनी माऊथपीस तोंडात घेऊन आपला जुना कल धरायचा, मी बाजूने पाहायचं, दात खळग्यात बसले का. नाही बसले की मेण गरम करून सरकवायचे. पहिली पट्टी दिसायला सुंदर झाली. गयाबाई बघतच राहिली. मास्तरांनी फुंकर मारली आणि पट्टी मागून सुटून जिभेवर पडली.

कारण उघड होतं. अंगठा वाद्य वर रेटतो. वाद्य लांब धरलं की दात वर हिरडीत रुततात आणि पट्टीची मागची बाजू खाली येते. अंगाशी घेतलं की तेच दात पुढे ढकलले जातात. खरे दात हे दोन्ही सोसतात, त्यांना मुळं असतात. माझ्या दातांना मुळं नव्हती.

तेव्हा खाजाभाईंनी दुसरा माऊथपीस आणला, हैदराबादहून येणाऱ्या कोणाकडून तरी. त्याची चोच चपटी होती, उतार कमी. जुना जाड होता. जाड चोचीला तोंड जास्त उघडावं लागतं, चपटीला कमी. तोंड कमी उघडलं की पट्टी सुटत नव्हती. मी खूश झाले. मास्तर वाजवून बघत राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग पत्ती काढून बोटांत धरली.

"ह्याच्यात तोंडात जागा राहत न्हाई, बाई. सूर आत फिरतच न्हाई. भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखं वाटतंय."

परत जुना जाड माऊथपीस. मी पट्टी टाळूवर आणखी मागे नेली, तीन आकडे केले, दात किंचित आत झुकवले. शेवटी एका सकाळी मास्तर दवाखान्यातच उभे राहिले, पंचा खांद्यावर टाकला आणि वाजवत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. मग परत. वळताना त्यांनी वाद्य अंगाशी घेतलं आणि सूर खरंच गोल झाला. इतका की बाहेर रस्त्यावर एक हातगाडीवाला थांबला. गयाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. या वेळी ती रस्त्याकडे बघत नव्हती.

नंतरचे दोन महिने त्यांच्या गल्लीतून जाताना मला ती उंबऱ्यावर बसलेली दिसायची. मास्तर आत येरझाऱ्या घालत वाजवत आणि ती निवडायला घेतलेलं सूप मांडीवर तसंच ठेवून ऐकत.

त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. आज त्याचं काही वाटणार नाही, पण तोवर अहमदपूरच्या माणसाला एका कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, दोन बस बदलून, कधी तिकडेच मुक्काम करून. त्या दिवसांत लातूरला मिरवणुकांचा धडाकाच लागला होता. एका मिरवणुकीत तालुक्या-तालुक्याचे बँड बोलावले होते. खाजाभाई आमच्याकडे पेढे घेऊन आले. "डॉक्टरनीबाई, लिंबाजी आगे चलेगा. आप देखने आना."

आम्ही नवरा-बायको गेलो. गंजगोलाईच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. गुलालाने सगळ्यांचे चेहरे सारखेच झालेले. एकेक बँड जात होता आणि कोणाचं काही कळत नव्हतं, नुसता ढोल. मग अहमदपूरचा बँड आला. लाल कोट मास्तरांना आता ढगळ होत होता. सगळ्यांच्या चार पावलं पुढे, क्लॅरिनेट अंगापासून लांब, मान वर. त्यांचा सूर ढोलांच्या डोक्यावरून आमच्यापर्यंत आला. शेजारचा एक लिंगायत व्यापारी, पांढऱ्या टोपीतला म्हातारा, म्हणाला, "अरे, हा लिंबाजी! मी म्हनलं मेला का काय." माझ्या नवऱ्याने माझा हात दाबला. त्या क्षणी मला वाटलं, एवढ्यासाठीच मी शिकले.

चार दिवसांनी मास्तर दवाखान्यात आले. एकटे. दार लावून घ्यायला सांगितलं.

पट्टी काढली तेव्हा तिला रक्त होतं. पुढच्या हिरडीवर बोराएवढी जखम, तिच्या कडा पांढऱ्या झालेल्या. आणि ती चार दिवसांची नव्हती. जुन्या जखमेवर नवी झालेली होती.

"हे कधीपासून?"

"सुरुवातीपासनंच. थोडं थोडं."

"मग सांगितलं का नाही? महिनाभर पट्टी घालायची नाही. आणि चालत वाजवायचं तर कधीच नाही. हिरडीखालचं हाड झिजेल तुमचं."

त्यांनी पट्टी पंच्याच्या टोकाने पुसली. मग म्हणाले, "बाई, ती उंबऱ्यावर बसून राहिली हाय."

मला कळलं. त्यांनी पुढे सांगितलं त्यात एवढंच होतं: दहा वर्षं ती परसात होती. आता ती येऊन बसते. रात्री झोपते. जेवते. पट्टी काढली की ती परत परसात जाणार. "तिला वाटतंय, झालेलं भरून आलं. वाटू द्या. तुम्ही औषध द्या फक्त."

"त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे, मास्तर." बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "मंग तर तुम्ही सांगणारच न्हाई," ते म्हणाले.

आणि मी सांगितलं नाही. याचा मला आजही त्रास होतो. डॉक्टर म्हणून मला माहीत होतं की या माणसाच्या तोंडात रोज एक जखम उकरली जातेय. मी मलम दिलं, पट्टी आतून घासून दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. गयाबाई भेटली की मला विचारायची, "बरं चाललंय न बाई?" आणि मी म्हणायचे, बरं चाललंय. तिने मला त्यांच्यापासून गुपित ठेवायला सांगितलेलं, त्यांनी तिच्यापासून. दोघांच्या मधल्या त्या ढिगाऱ्याशी मीही जाऊन बसले होते.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ती दोघं एकत्र आली. खरं म्हणजे ती पुढे आणि ते मागे. तिच्या हातात क्लॅरिनेट पुसायचं फडकं होतं, धुवायला काढलेलं. ते तिने माझ्या टेबलावर पसरलं. तांबूस डाग, जुने आणि नवे.

"हे पानाचे न्हाईत," ती म्हणाली. "हे पान खात न्हाईत. बाई, खरं सांगा."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"जखम आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून आहे."

ती नवऱ्याकडे वळली. "काढा."

"अगं, ऐक तरी."

"काढा म्हनते न मी. एकदा मी फोडलं तुमचं तोंड. आता रोज रोज माझ्यासाठी फोडून घेऊन राहिलाव? मी काय राक्षसीन हाय?"

मास्तरांनी पट्टी काढली. हातात धरून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा असा काही बदलला की मी खुर्चीतून उठले.

"आंधळी व्हतीस काय गं?" ते ओरडले. समोरून रिकाम्या तोंडातून शब्द फुटत नव्हते, तरी ओरडले. "समोर नवरा बसलेला, दिसंना तुला? एवढा माळ पडला व्हता! हाणायचा तर खाली बघून हाणावं न्हाई का? समदं गेलं माझं. वराती गेल्या, कोट गेला. दहा वर्षं स्टुलाला बांधून घातलंस मला. लोक मांडवात, आन् मी पेट्या राखत बसलो. समदं तुझ्या हातोड्यापायी."

बाहेर बाकावरचे रोगी दारात येऊन उभे राहिले. गयाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकदाही डोळे पुसले नाहीत. ते दमून थांबले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हाव. माझ्याच हातानं झालं. मला माफ करा."

"आन् ते तवाच का बोलली न्हाईस?"

"तुम्ही बोलू दिलं का?"

मास्तर खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी अर्धं प्यायलं आणि पेला तिच्याकडे केला. उरलेलं ती प्यायली.

ही गोष्ट इथे गोड होऊन संपली असं मी म्हणणार नाही. मास्तर परत त्याच लोखंडी स्टुलावर गेले. दात राहिले ते फोटोपुरते आणि पाहुण्यांपुरते. त्यांनी मला नंतर सांगितलं, "ओठाचा सूर घरातला हाय, दाताचा रस्त्यावरचा. मला रस्त्यावरचा पायजे व्हता." तक्रारीने नाही, माहिती दिल्यासारखं. घरात मात्र ती दोघं भांडायला लागली. मीठ-मिरचीवरून नाही, त्या दगडावरून. भांडण निघालं की ते 'तुझा हातोडा' म्हणायचे आणि ती 'तुमची सायकल' म्हणायची. शेजारणींना वाटलं, म्हातारपणी यांचं बिनसलं. पण भांडण संपल्यावर ते वाजवायला बसायचे आणि भांड्यांचा आवाज यायचा नाही, एवढं मी गल्लीतून जाताना ऐकलं आहे.

पुढे माझ्या नवऱ्याला नांदेडला जागा मिळाली आणि आम्ही अहमदपूर सोडलं. निरोपाला मास्तर आले, जिभेखाली पत्ती ठेवून काहीतरी पुटपुटले. मला कळलं नाही आणि परत विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, काही वर्षांनी. नायगावला नात्यातलं लग्न होतं, तिथून मी एसटीने परतत होते. वैशाखातली दुपार. गावाबाहेर रस्त्यावर वरात आडवी आली आणि बस थांबली. आता बँडची तऱ्हा बदलली होती. पुढे नुसते ढोलवाले चालत होते आणि मागून चार माणसं एक गाडा ढकलत होती. चारी बाजूंनी लोखंडी गज, वर दोन भोंगे, आत जनरेटर धडधडणारा. त्या गजांच्या आत, जनरेटरच्या शेजारी, लिंबाजी मास्तर बसले होते. क्लॅरिनेट गुडघ्यांत धरलेला, तोंडासमोर माइक. जागा इतकी कमी की त्यांना मागे तोंड करून बसावं लागलं होतं. वरात निघाली होती पुढे आणि ते बघत होते मागे, थांबलेल्या गाड्यांच्या रांगेकडे.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, हाक मारली. भोंग्यांच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. पण त्यांची नजर बसवरून फिरत फिरत माझ्या खिडकीशी आली आणि थांबली. दोन्ही हात चाव्यांवर, तोंड गुंतलेलं. नमस्कार करायला त्यांच्याकडे काही मोकळं नव्हतं. त्यांनी भुवया उंच केल्या, तेवढंच.

रस्ता मोकळा झाला. आमची बस एका कडेने पुढे काढायला ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडा ढकलणाऱ्यांनी तो थोडा बाजूला घेतला, बस शेजारून गेली आणि काही क्षण ते गज माझ्या खिडकीला जवळजवळ घासत गेले. हात पुढे केला असता तर त्यांच्या कोटाची बाही लागली असती. मास्तर वाजवत होते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात नव्हता म्हणून ते डोळे मिटून घेत, परत उघडत. मग बस पुढे गेली. मी मागे वळून पाहिलं तर मला फक्त त्यांची पाठ दिसली. भोंग्यांतून सूर येत होता, गाडा हिंदकळत होता, पण ती पाठ हलत नव्हती.